मोहाच्या झाडावरचा स्विच

मी एक स्विच बोलतोय. भिंतीवर ठोकलेला नाही, बिनतारी. दुकानात मला रिले म्हणतात. काडेपेटीहून लहान निळा ठोकळा, त्याखाली हिरवी पट्टी आणि बाजूला स्प्रिंगसारखी वळवलेली एक तार. ती तार म्हणजे माझा कान. लांब उभं राहून कोणी रिमोटचं बटण दाबलं की त्या कानात हाक येते, माझ्या पोटातली पत्री टक करून चिकटते आणि दिवा लागतो. पुन्हा दाबलं की पत्री सुटते, दिवा विझतो. चालू नाहीतर बंद, मला एवढंच येतं. मधलं गोलगोल बोलणं मला जमत नाही, ते मी मोठ्या माणसांसाठी सोडलंय.

आत्ता मी आरमोरीपासून आत, जंगलाला टेकलेल्या एका गावाच्या टोकाला, मोहाच्या झाडावर प्लास्टिकच्या डब्यात बसलोय. सूर्य बुडालाय. माझा दिवा लागलेला आहे. तो आता विझायला पाहिजे आणि तो विझत नाही. हे असं का झालं, ते सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. माझ्यासारखे हजारो एका दिवसात निघतात, आठवणार काय. शुद्ध आली तेव्हा मी आरमोरीच्या बाजारात, एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात, चार्जरच्या तुटक्या पिनांच्या खोक्यात पडून होतो. तिथून मला रीतानं उचललं. दुकानदाराचे बिघडलेले चार्जर तिनं बसल्याबसल्या दुरुस्त करून दिले आणि बदल्यात मला आणि माझ्या रिमोटला मागून घेतलं.

रीता गडचिरोलीला पॉलिटेक्निकला होती. दुसऱ्या वर्षी घरी आली ती परत गेलीच नाही. गेली नाही म्हणजे पाठवलं नाही. तिचा बाप लालसू दर वर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातो, माघापासून थेट उन्हाळ्यापर्यंत. त्याच्या माघारी घरचे निर्णय त्याचा मोठा भाऊ घेतो, जंगू. रीता त्याला मोठेबाबा म्हणते. मोठेबाबांनी एका वाक्यात निकाल लावला होता, "पोट्टीनं तारा जोडून काय दिवे लावाचे हायत." नंतर त्यांच्याच घरचा टीव्ही बंद पडला की ह्याच पोट्टीला हाक मारायचे. टीव्ही चालू झाला की चहासुद्धा विचारायचे नाहीत.

आता झाडाचं सांगतो. गावात मोहाची झाडं वाटलेली असतात, हे ह्या घरचं, ते त्या घरचं. कागद नसतो, पण सगळ्यांना पाठ असतं. रीताच्या आज्यापासूनचं त्यांचं हे झाड घराच्या आंगणातून समोर दिसतं, मधे बंडीची, म्हणजे बैलगाडीची वाट आणि थोडी पडीक जमीन. मार्च लागला की झाडाची पानं झडतात आणि फूल पडायला लागतं. फूल रात्रीतून पडतं. पहाटे जाऊन वेचलं तर आपलं, उशीर केला तर चितळांचं नाहीतर दुसऱ्याच्या बकऱ्यांचं. आणि गावाचा एक कायदा आहे. ज्यानं आपल्या झाडाखालचं फूल दिवसामागून दिवस सडू दिलं, त्यानं झाड सोडलं. मग जो वेचेल त्याचं ते झाड.

म्हणून रीताची माय धुरपता झुंजुमुंजू व्हायच्या आत टोपली घेऊन निघते. आणि त्याच वेळेला त्याच वाटेनं वाघ फिरतो. ह्या भागात कोणाला वाघ नवा नाही. फूल वेचणारी बाई खाली वाकलेली असते, दोन्ही हात कामात, नजर जमिनीवर. वनरक्षकानं एकदा सांगितलं होतं की वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. सांगून तो मोटारसायकलवर बसून निघून गेला. सांगणं हे त्याचं काम होतं.

रीतानं मला आंगणात उलगडलं तेव्हा धुरपता तांदूळ निवडत होती.

"हे कायचं भूत आणलं वो?"

"लाईट हाय माय. झाडावर लावते. आपण इथंच उभं राह्याचं, बटण दाबाचं, झाडाखाली उजेड. काई बसलं असन तं दिसन. नसन तं जाचं."

"मंग तार ओढ ना सरळ."

"जमिनीवरून तार नाई टाकत मी," रीता म्हणाली. डुकरांसाठी शेतात वीज सोडलेल्या तारांनी ह्या भागात किती माणसं गेली ते दोघींनाही माहीत होतं.

तिनं मला जेवणाच्या जुन्या डब्यात बसवलं, भोकं मेणानं बुजवली. बॅटरी बापाच्या पडून असलेल्या मोटारसायकलची. वर बंद पडलेल्या कंदिलाची सौरपट्टी. मोहाला त्या दिवसांत पान नसतं, त्यामुळे ऊन थेट पट्टीवर येतं आणि दिवसभरात बॅटरी पोटापुरती भरते. पोटापुरती म्हणजे पहाटेचा थोडा वेळ दिवा जळेल एवढीच. रीता झाडावर चढली, फांदीला डबा बांधला, खाली तोंड करून दिवा बांधला. मग आंगणात जाऊन बटण दाबलं. मला हाक ऐकू आली. टक.

धुरपता दारात उभी राहून हसली. मग म्हणाली, "आता हेबी सांग, लाईट नाई लागला तं?"

"उजेड नाई, तं जाचं नाई," रीता म्हणाली.

हा आमचा नियम. तिघांचा.

मी कामाला लागलो. पहाटे हाक यायची, मी उजेड पाडायचो, आंगणातून दोघी बघायच्या. पिवळट पांढरी फुलं चटईसारखी पसरलेली दिसायची. खाली काही नसलं की धुरपता निघायची आणि तिच्या मागे आजूबाजूच्या बायाही आपापल्या झाडांकडे निघायच्या. हळूहळू ती गल्ली माझ्या उजेडाची वाट बघायला लागली. एका पहाटे मी लागलो तर खोडाच्या मागे दोन डोळे चमकले. कोणी ओरडलं नाही. बाया आपापल्या दारात गप उभ्या राहिल्या. वाघानं माझ्याकडे बघितलं, कंटाळल्यासारखा उठला आणि नाल्याकडे उतरून गेला. त्या दिवशी ऊन आल्यावर सगळ्या एकत्र वेचायला आल्या. शेजारच्या बुधरी म्हातारीनं जाताना खोडाला हात लावला, मग वर बघून माझ्या डब्याला हात जोडले. मला संकोच वाटला. मी साधा स्विच.

एवढं चांगलं चाललंय म्हटल्यावर मोठ्या माणसांचं लक्ष जाणारच.

गावात नवीन समाजमंदिर बांधून झालं होतं आणि उद्घाटनाला कोणी साहेब येणार होते. त्यासाठी गावसभा बसली. आमच्या गावसभेत मतं मोजत नाहीत, सगळ्यांचं एकमत लागतं. ऐकायला फार छान वाटतं. एकमत कसं होतं ते मी रीताच्या तोंडून ऐकलंय. पुरुष पुढे बसतात, बाया मागे. पुढचे बोलतात. मागचे बोलले नाहीत की हो धरतात.

जंगू मोठेबाबा उठून म्हणाले, "ते बिनतारचं लाईट झाडावर काऊन ठेवाचं? वाघाले दिसावं म्हणून? मंदिराच्या दरवाज्यावर लावा. साहेबाच्या हातात रिमोट द्या. एक बटण दाबलं का झकाक. गावाचं नाव होईन."

रीता मागून उभी राहिली. "मोठेबाबा, फूल पडून राह्यलं. बाया जाऊन राह्यल्या अंधारात. उद्घाटन झाल्यावर तरी..."

"बस तू. अर्धं शिकली, पुरं बोलते." पुढचे हसले. "ज्याचं झाड हाय तिले इचारू. काय वो धुरपता?"

धुरपताचा तो भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. भासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही ही ह्या घरातली रीत. तिनं पदर पुढे ओढला आणि खाली बघत राहिली. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्याशी एक शब्द बोललेली नव्हती. हे त्याला माहीत होतं. म्हणूनच तर विचारलं.

"झालं एकमत," मोठेबाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी झाडावर चढून मला डब्यासकट उतरवलं. दिवा आणि बॅटरी तिथेच ठेवली, त्याची त्यांना गरज नव्हती. मला दरवाज्याच्या कमानीवर टांगलं आणि डेकोरेशनवाल्यानं माझ्यातून दोन हॅलोजन, रंगीत माळा आणि वर साऊंडचे डबे अशी सगळी वीज ओढली. माझ्या अंगावर लिहिलेलं असतं मी किती भार उचलू शकतो ते. रीता वाचून दाखवायला धावत आली होती.

"मोठेबाबा, एवढा लोड याच्यावर नका टाकू. जळते हे."

"आमच्या लग्नात पेट्रोमॅक्स होता, तो नाई जळला," मोठेबाबा म्हणाले.

साहेब आले, बटण दाबलं, झकाक झालं. टाळ्या वाजल्या. साहेबांनी विचारलं, हे कोणी बनवलं. मोठेबाबा म्हणाले, गावानं. नंतर रिमोट त्यांच्याच सदऱ्याच्या खिशात राहिला, पेनाच्या शेजारी. एकदा त्यांनी तो घरच्या टीव्हीसमोर बराच वेळ दाबला. "हे टीव्हीले काऊन लागत नाई बे?" तिकडे मंदिराच्या दारावर मी उघडझाप करत होतो, गावची पोरं नाचत होती.

प्रत्येक टक होताना माझ्या पोटात ठिणगी उडायची. एवढा भार जोडला-तोडला की पत्रीचं टोक वितळतं आणि समोरच्या टोकाला डसतं. मी सुटेनासा झालो. रिमोट दाबला तरी माळा विझायच्या नाहीत. मग मोठेबाबांनी एक काठी ठेवली. विझवायचं असलं की त्या काठीनं माझ्या डब्यावर ठोकायचे, पत्री हादरून सुटायची. त्यांना वाटलं हीच चालवायची पद्धत.

अशा एका पहाटे माळा रात्रभर जळतच होत्या, कारण ठोकायला कोणी आलं नव्हतं. मंदिराच्या रिकाम्या दारावर लाल, हिरवं, निळं चाललं होतं. आणि गावाच्या दुसऱ्या टोकाकडून बायांचा आवाज आला. आधी एक, मग सगळ्या. टोपल्या बडवल्याचा, पत्र्यावर दगड मारल्याचा. मी कान टवकारला, पण माझ्या कानाला फक्त रिमोट कळतो. काय झालं ते मला खालून पळणाऱ्या माणसांच्या तोंडून कळलं. धुरपता हातातला टॉर्च तोंडात धरून गेली होती. वेचताना टॉर्च खाली पडला. उचलायला वाकली तेवढ्यात.

बायांनी आरडाओरडा केला म्हणून वाघानं सोडलं. खांदा गेला. जीव राहिला.

मी तेव्हा चालू होतो. हे मला सांगितलंच पाहिजे. गावातला सगळा उजेड त्या वेळी माझ्यातून जात होता आणि तो एका बंद दाराला दाखवत होता.

गडचिरोलीच्या दवाखान्यातून धुरपता घरी आली ती एका हाताची होऊन. दुसरा हात गळ्यात बांधलेला, बोटं हलत नाहीत. बापाला निरोप धाडलाय, पण मिरचीच्या शेतात फोन लागत नाही. तिकडे फूल पडत होतं आणि पडून सडत होतं. रीता दिवस वर आल्यावर जायची तोवर चांगलं तेवढं चितळांनी साफ केलेलं असायचं. गावात कुजबुज सुरू झाली, लालसूच्या घरानं झाड सोडलं.

मग पुन्हा गावसभा बसली. मोठेबाबांनी मला स्वतःच्या हातानं कमानीवरून उतरवलं आणि सगळ्यांदेखत रिमोटसकट रीताच्या ओंजळीत ठेवलं. "घे तुझं लाईट. गावानं काई केलं नाई असं म्हणू नोको." सगळ्यांनी माना हलवल्या. एकमत. काठीचं कोणी बोललं नाही. ठोकल्याशिवाय मी सुटत नाही हे मोठेबाबांना पक्कं माहीत होतं, तरी ते शब्दानं बोलले नाहीत. यात डाव होता असं मी म्हणणार नाही. डाव करायला दुसऱ्याचा विचार करावा लागतो.

आज दुपारी रीता आंगणात मला मांडीवर घेऊन बसली. धुरपता शेजारी बाजेवर पडलेली. रीतानं माझी धूळ पुसली, तारांची टोकं कापून नवी केली, रिमोट दाबला. टक. पुन्हा दाबला. टक. मी नीट सुटलो. घरच्या छोट्या तपासणीत मी नेहमीच नीट सुटतो, कारण तिथे माझ्यावर भार नसतो. आत डसलेलं टोक तिला दिसलं नाही, मला पेटीबंद करून पाठवलेलं असतं, उघडून बघायची सोय नाही. मी ओरडलो असतो. मला टक सोडून दुसरा आवाज नाही.

तेवढ्यात मोठेबाबा आले. हातात बिस्किटाचा पुडा. तो त्यांनी बाजेच्या कडेला ठेवला आणि रीताला म्हणाले, "उद्या पहाटे कोणी गेलं नाई तं मी माह्या पोट्ट्याले पाठवीन. झाड वाया जाऊ देता येत नाई. गावाचा नियम हाय, मी नाई केला."

रीता काही बोलणार होती. तिच्याआधी बाजेवरून आवाज आला. पदर डोक्यावर नव्हता, एका हातानं तो सावरता येत नाही आता.

"दादा."

मोठेबाबा दचकले. त्यांनी हा आवाज कधी ऐकलेला नव्हता.

"तुमी इचारलं होतं मले, सभेत. तवा बोलली नाई. आता आयकून घ्या. नाई देत झाड. आन माह्या पोरीले अंधारात नाई धाडत. उजेड नाई, तं जाचं नाई."

मोठेबाबा चप्पल घालत म्हणाले, "तं लावा ना लाईट. कोण अडवलं?" आणि गेले.

रीतानं मला झाडावर आणून बांधलं. ऊन होतं. तिनं दिवा जोडला, आंगणात गेली, बटण दाबलं. लागलो. विझवायला पुन्हा बटण दाबलं. भर उन्हात तेवढ्या लांबून दिवा विझला की जळतोय कोणाला दिसतं. मी डसलो होतो. दिवा जळत होता. दुपारभर जळला, बॅटरी जेवढी भरत होती तेवढी पीत होता.

ऊन उतरलं तेव्हा रीताला दिसलं.

तेव्हापासून ती आंगणात उभी राहून दाबतेय. प्रत्येक हाक मला ऐकू येते. सुट, म्हणते. मी ओढतो, पत्री हलत नाही. एक काठी मारली असती तर सुटलो असतो, पण काठी मारायला झाडाखाली यावं लागेल आणि आता संध्याकाळ झालीय. नाल्याकडे मघाशी माकडं ओरडली, वाघ दिसला की ओरडतात तशी. रीता बंडीच्या वाटेपर्यंत आली होती. मागून धुरपतानं नुसतं "रीता" म्हटलं, ती थांबली आणि परत फिरली.

तिला हिशेब कळतो. दिवा रात्रभर जळला तर पहाटेला बॅटरीत काही उरणार नाही. मलाही कळतो. कळून दोघांचा काही उपयोग नाही.

थोड्या वेळापूर्वी मोठेबाबा वाटेनं गेले. झाडाकडे बघून त्यांनी हाक दिली, "वा वो पोट्टे. रातभर उजेड. आता कायचं भेव? उद्या जाजो बिनधास्त."

रीतानं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती घरात गेली, भिंतीवरची टोपली काढली आणि दाराशी आणून ठेवली. का ठेवली ते मला कळत नाही. जायचं म्हणून, की पहाटे उठल्यावर स्वतःला दाखवायला की आपण गेलो नाही. टोपलीच्या बाजूला रिमोट आहे. धुरपता बाजेवर बसून त्या टोपलीकडे बघतेय.

रीता, माझा उजेड आता पिवळा पडायला लागलाय. पहाटे तू बटण दाबशील. मला ऐकू येईल, माझ्या कानापुरतं बॅटरीत नक्की उरेल. दिवा लागणार नाही. तू पुन्हा दाबशील. चितळं आलेली असतील, फूल पडत असेल, मोठेबाबांचा पोरगा टोपली घेऊन उजाडायची वाट बघत असेल आणि तुला वाटेल, एवढंसं तर अंतर आहे.

माझ्या उजेडाचं ऐकून तुम्ही सगळ्या आलात आणि गेलात. आता माझ्या अंधाराचं ऐक. झाड जाईल तर जाऊ दे, तुझा बाप येईल, तू भांडशील, तुझी माय आता बोलायला लागलीय. ऊन वर आलं की ये, हातात काठी घेऊन ये, आणि मला जोरात ठोक.

उद्या मी दिसलो नाही तर येऊ नको.